सरकून बस गं, इथे पंखा लागतो

मैत्रिणींनो, एक कबुली देऊन सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. वाणाला स्टीलचे डबे आणले होते, तिळगुळाची ताटं भरली होती, उखाण्यांची चढाओढ चालली होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. आमच्याच बोळात नव्यानं भाड्यानं राहायला आलेली, तेलुगू बोलणारी. विड्या वळून दोन मुलांना वाढवते. नवरा वर्षापूर्वी गेलेला. ती हसली, आत डोकावली. आम्ही वीस-पंचवीस जणी तिच्याकडे बघत राहिलो. कुणी ‘या’ म्हटलं नाही, कुणी ‘जा’ही म्हटलं नाही. मिनिटभर थांबून ती चप्पल घालून निघून गेली.

आणि मी? मी त्या मंडळाची सेक्रेटरी. बचत गटाच्या सभांत माईक हातात धरून ‘सगळ्याजणी एक’ म्हणणारी. माझ्या हातात तेव्हा करंडा होता आणि तोंडातून शब्द फुटला नाही.

रात्री झोप लागेना. राहून राहून आठवत होत्या रेल्वे लाइन्समधल्या आमच्या मावशी.

मी तिसरी-चौथीत असताना आम्ही सोलापुरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारच्या घरातले काकाही रेल्वेत. मावशी नेसायच्या साडी, गळ्यात मंगळसूत्र, बोलायच्या अस्सल कोकणी वळणाचं मराठी. आडनाव ‘कर’ लावून संपणारं. पण त्यांच्या घरात देव्हारा नव्हता. दाराच्या चौकटीला एक छोटी नळी ठोकलेली असायची आणि आत-बाहेर करताना सगळे तिला बोटं लावून ओठांना लावायचे. आम्हा मुलांना वाटायचं, हे ख्रिश्चन असतील. एकदा मी तसं विचारलंही. मावशी हसून म्हणाल्या, ‘नाही गं बाळ, आम्ही इस्रायल. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे.’ मला काहीच कळलं नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं, ‘मावशी तेली आहेत, पण फक्त शनिवारच्या!’

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी मावशी दिवा लावायच्या. काळ्या मनुका भिजत घालून त्यांचं सरबत करायच्या. त्यावर काका प्रार्थना म्हणायचे आणि मग सगळे ते घोट घोट घ्यायचे. मनुका आपल्या पंढरपूर-तासगाव भागातल्याच. मग शनिवारी अंधार पडेपर्यंत त्यांच्याकडे विस्तव पेटायचा नाही, बटण दाबलं जायचं नाही. मावशी कधी काही सांगायच्या नाहीत. आमची आईच म्हणायची, ‘जा गं, त्यांच्याकडे अंधार झालाय, दिवा लावून ये.’ मी धावत जायची, खटका दाबायची, मावशी गालावरून हात फिरवायच्या. आणि आमच्या हळदीकुंकवाला मावशी हमखास असायच्या. कुंकू लावून घ्यायच्या की नाही, हे मला आठवत नाही. आई त्यांना हाताला धरून आत आणायची, एवढं मात्र पक्कं आठवतं.

पुढे काकांची बदली पुण्याला झाली. म्हातारपणी मावशी मुलाकडे इस्रायलला गेल्या. त्यांची मुलगी, माझी बालमैत्रीण, पुण्यातच राहिली. त्या संक्रांतीनंतर मी तिला फोन केला. म्हटलं, ‘तुमच्या देवळात मला एकदा यायचंय.’ ती म्हणाली, ‘ये की! फक्त आधी सांगून ये. आणि ओळखपत्र आण.’

ओळखपत्र? देवळात जायला? मला जरा लागलंच ते.

शुक्रवारी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. गाडीत बसून या लोकांबद्दल जमवलेलं वाचत होते. सांगितलं तर तुम्हालाही नवल वाटेल.

यांना म्हणतात बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की, शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. नवगावला आजही त्यांचं स्मारक आहे. पोथ्या-पुस्तकं सगळी समुद्रात गेली. आठवणीत राहिली एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव लावलं. पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, चौलचे चेऊलकर. सिनेमातले प्रेमळ चाचा डेव्हिड आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईला डॉ. ई. मोझेस रोड आहे ना, ते मोझेसही बेने इस्रायल. १९३७ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले.

सणांची नावं तर ऐका. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि एक दारफाळणीचा सण. म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. वर्षातला हा सगळ्यात मोठा उपास, हिब्रूत योम किप्पूर. त्या दिवशी जुन्या काळी दारं बंद करून, कुणात न मिसळता देवाची क्षमा मागायची. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गोरगरिबांना द्यायचं, नातलगांकडे जायचं. दार लावायचाही सण आणि उघडायचाही! मला हे फार आवडलं.

पुण्यात मैत्रीण स्टेशनवर आली होती. वाटेत तिनं कॅम्पातलं लाल देऊळ बाहेरून दाखवलं. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. पुणेकर सर्रास ‘लाल देऊळ’ म्हणतात, पण ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग आहे. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, १८६७ मध्ये पुरं झालं. तोवर ते वारले होते, त्यांची समाधी तिथेच आहे. ससून हॉस्पिटल माहीत नाही अशी सोलापूरची बाई सापडायची नाही. आपल्याकडचा अवघड पेशंट शेवटी तिथेच जातो. ते याच ससूनांच्या देणगीतून उभं राहिलं.

दुपारी तिनं मावशींना व्हिडिओ कॉल लावला. मावशी दक्षिण इस्रायलमधल्या दिमोना गावात राहतात. भारतातून गेलेले इतके लोक तिथे आहेत की त्या गावाला ‘छोटा भारत’ म्हणतात. केस पांढरे झालेत, पण आवाज तोच. पहिलाच प्रश्न, ‘काय गं, गड्ड्याची जत्रा भरली होती का यंदा?’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, ‘मावशी, तिकडे कसं वाटतं तुम्हाला?’ म्हणाल्या, ‘चांगलंच आहे. पण गंमत बघ, सोलापुरात आम्हाला इस्रायल म्हणायचे आणि इस्रायलात आम्हाला होदी म्हणतात. होदी म्हणजे हिंदी, भारतातले!’ आणि मग पदराआड हसल्या.

संध्याकाळी आम्ही सिनेगॉगमध्ये गेलो. गेटवर नाव लिहिलं, ओळखपत्र दाखवलं, पर्स उघडून दाखवली. मी गप्प होते. मैत्रिणीच्या ते लक्षात आलं. म्हणाली, ‘पूर्वी असं नव्हतं. २००८ पासून आहे हे.’

मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. २६ नोव्हेंबर २००८. मुंबईत ताज, सीएसटी, कामा हॉस्पिटल यांच्याबरोबर कुलाब्याचं नरिमन हाउसही अतिरेक्यांनी लक्ष्य केलं होतं. तिथे राहणारे ज्यू धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि पाहुणे, असे सहा जण मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे वाचला, कारण त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल त्याला छातीशी धरून बाहेर पळाली. ती भारतीय, ख्रिश्चन. पुढे त्या पोरासाठी ती इस्रायलला गेली. ज्या घराचं दार येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी कायम उघडं असायचं, तिथे हे घडलं. मग कुणी दाराला कडी लावली तर आपण रुसायचं कशाला? ‘ही कडी तुझ्यासाठी नाही गं,’ मैत्रीण म्हणाली, ‘पण लावावी तर लागते.’

आत गेलो. पदर डोक्यावरून घेतला. पुरुष एका बाजूला, बायका वेगळ्या. मी अवघडून शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले. तेवढ्यात पुढच्या एका आजींनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तिकडे कशाला? सरकून बस गं, इथे पंखा लागतो.’ मी कोण, कुठली, कोणत्या जातीची, कशाला आले, काही विचारलं नाही. हातात पुस्तक दिलं. मी ते आपल्यासारखं डावीकडून उघडलं. हिब्रू उजवीकडून वाचतात! आजींनी हसून पुस्तक सुलटं केलं आणि पानावर बोट ठेवलं. वाचता मला काहीच येत नव्हतं, पण ते बोट पुढे सरकेल तसं मीही बघत राहिले.

यांची धर्माची काही पुस्तकं मराठीतही आहेत. पुण्यात १८७४ मध्ये ‘हग्गादा’ छापला गेला. वल्हांडणाच्या सणाला घरात वाचतात ते पुस्तक. एका बाजूला हिब्रू, सोबत मराठी. आणि त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी भाजणाऱ्या बायका चक्क आपल्यासारख्या लुगडी नेसलेल्या!

प्रार्थना मात्र पूर्ण सुरू होईना. सगळे दाराकडे बघत होते. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा जाणते पुरुष लागतात आणि तिथे होते आठ. दहा मिनिटं गेली. काठी टेकत एक आजोबा आले, नऊ झाले. मग पाठीला सॅक लावलेला एक कॉलेजचा मुलगा धावत आला. सगळ्यांचे चेहरे उजळले. ‘उशीर का केलास?’ असं कुणीही म्हटलं नाही. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. आता भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आतच असतील. १९४८ नंतर कुटुंबंच्या कुटुंबं इस्रायलला गेली. ज्यांच्याकडे माणूस इतकं दुर्मिळ आहे, ते दारात आलेल्याला ओरडतील कसे?

पण मैत्रिणींनो, मी बाईमाणूस. मी बायका मोजल्या. आम्ही सात जणी होतो. त्या दहांच्या मोजणीत आमच्यातली एकही नव्हती. आधी मनात आलं, हे काय! आणि लगेच दुसरा विचार आला. हे पुरुष मोजतात, आम्ही सवाष्णी मोजतो. दोन्हीकडे कुणी ना कुणी मोजणीबाहेर. मला माझ्या हातातला तो करंडा आठवला.

प्रार्थना संपल्यावर एक सुंदर गोष्ट झाली. आजींनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, मग स्वतःची बोटं ओठांना लावली. मैत्रिणीनं सांगितलं, याला हातबोशी म्हणतात. एकमेकांच्या हातातून शांती घ्यायची आणि द्यायची.

घरी जेवायला बसलो. त्यांच्यात मांस आणि दूध एकत्र करत नाहीत, म्हणून कोंबडीच्या रश्श्याला नारळाचं दूध. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वरण. मी संकोचले तर म्हणाली, ‘अगं, भांडी वेगळी ठेवायची आम्हाला जन्माची सवय आहे!’ जेवताना मी तिला सरळच विचारलं, ‘तुमच्यात सगळं असं गोडच आहे का?’

ती खरं बोलली, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. नाही, सगळं गोड नव्हतं. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, त्यांचे आपसांत रोटीबेटी व्यवहार नव्हते. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी कोकणातल्या या भावंडांना बरीच वर्षं बरोबरीचं मानलं नाही. आणि ज्या देशाची पिढ्यान्‌पिढ्या आस धरली, त्या इस्रायलमध्ये १९६२ च्या सुमारास धर्मगुरूंनी बेने इस्रायलांच्या लग्नांत खोडा घातला. म्हणे, तुमच्या आज्या-पणज्या खरंच ज्यू होत्या का, हे तपासू. लोक रस्त्यावर आले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. ‘परक्यांनी दारात अडवलं तर माणूस परत फिरतो,’ मैत्रीण म्हणाली, ‘घरच्यांनी अडवलं तर जायचं कुठे?’

आणि बायकांनीही दार ठोठावलं बरं का! डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव ऐकलंय? बेने इस्रायल घरातली मुलगी, लंडनला जाऊन एम.डी. झाली, मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीजस युनियन काढली. बायका-पुरुष एकत्र बसतील अशी सुधारक प्रार्थनामंडळी. शंभर वर्षं झाली त्याला.

मीरा महादेवन यासुद्धा याच समाजातल्या. दिल्लीत बांधकामावर मातीत खेळणारी मजुरांची लेकरं त्यांनी पाहिली आणि १९६९ मध्ये ‘मोबाइल क्रेश’ सुरू केली, म्हणजे कामाच्या जागीच पाळणाघर. मी समाजकार्यात आहे म्हणून मला हे जास्त भिडलं. स्वतःचा समाज मूठभर, पण पाळणाघर कुणासाठी? ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी. मुंबईत माझगावला हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे तीच सर एली कदूरी शाळा झाली. समाजातली मुलं कमी होत गेली, तशी आसपासची मुसलमान आणि इतर मुलं तिथे शिकू लागली. कोकणात, मुंबईत काही सिनेगॉगची देखभाल शेजारचे हिंदू नाही तर मुसलमान करतात. अलिबागेत तर त्यांची आख्खी इस्रायल आळी आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण शेजाऱ्यांनी त्यांना आपलं मानायला कुठल्या कागदाची वाट पाहिली नव्हती.

एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. त्या सिनेगॉगमध्ये मला कुणीही ‘आमच्यात ये’ म्हटलं नाही. त्यांच्यात धर्म वाढवायला कुणाला ओढत नाहीत. ते म्हणाले फक्त ‘सरकून बस’. तू तुझीच राहा, पण पंखा तुलाही लागू दे. मला वाटतं, पाहुणचार म्हणजे एवढंच असतं. आणि एवढंच आमच्याच्यानं त्या दिवशी झालं नव्हतं.

निघताना मैत्रिणीनं डब्यात मलिदा दिला. आपल्याकडे ‘मलिदा खाल्ला’ म्हणजे वेगळाच अर्थ! आपल्या खेड्यांत पिराच्या उरुसाला चपाती-गुळाचा मलिदा करतात. यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा. त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलदोडा, सुकामेवा आणि सोबत फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, काही चांगलं घडलं की एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन करतात आणि वाटून खातात.

सोलापूरला उतरले ती तशीच त्या शेजारणीकडे गेले. सुपात तंबाखू, मांडीवर पानांची चळत. मी दारात उभी. आता पाळी तिची होती, मला ‘या’ म्हणायचं की नाही! तिनं सूप बाजूला सारलं, हातानं फरशी पुसली आणि म्हणाली, ‘रा अक्का, बसा.’ मी मलिद्याचा डबा पुढे केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं बोलवणार नाहीत. पोरगी म्हणाली तिळगूळ मिळेल, म्हणून आले.’

यावर काय बोलणार?

मंडळात विषय काढला तेव्हा सोपं गेलं नाही, हेही सांगते. ज्येष्ठ बायका म्हणाल्या, रीत आहे. मी म्हटलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. एक आख्खं गाव करतं, आपण पंचवीस बायका नाही करू शकत? दोघी-तिघी रागावून उठून गेल्या. त्यातली एक अजून बोलत नाही माझ्याशी. पण बाकीच्या थांबल्या.

गेल्या संक्रांतीला आम्ही ‘तिळगूळ समारंभ’ ठेवला, सगळ्यांसाठी. आणि एक साधा नियम केला. कार्यक्रमात पाळीपाळीनं एकीनं दारात उभं राहायचं. काम एकच, येईल तिला हाताला धरून आत आणायचं. माझी आई मावशींना आणायची तसं. कुणाला कुंकू हवं, कुणाला नको, ते जिचं तिनं ठरवायचं. तुमच्या मंडळात, भिशीत, भजनात हे करून बघा. खर्च काही नाही.

ती आली. मुलीला घेऊन, थोडी उशिरा. शेवटच्या सतरंजीच्या टोकाला अंग चोरून बसली. मी उठणार, तेवढ्यात आमच्यातल्या एका सत्तरीच्या आजींनी मागे वळून पाहिलं. मागच्या सभेत सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. क्षणभर त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तिकडे उन्हात कशाला बसलीस पोरीला घेऊन? सरक की इकडं.’